विज्ञानकथेचा उद्याचा वाचक

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ शाळाशाळांतली मुले जमतात. नारायणगावहून खोडदकडे निघाले, की द्राक्षबागा, कांद्याची शेते आणि उसाचे फड यांच्या डोक्यावरून तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. हीच ती जी.एम.आर.टी., म्हणजे मीटर तरंगलांबीची महाकाय रेडिओ दुर्बीण. तिच्या एकूण ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटर जागेत आहेत. उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंप्रमाणे दूरवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका विज्ञान दिनी मी तिथे मुलांना माहिती सांगायला उभा होतो. सातवी-आठवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, यातून परग्रहावरच्या माणसांचं बोलणं ऐकू येतं का?” मी म्हणालो, “नाही रे बाळा. हायड्रोजन वायूकडून, पल्सार नावाच्या ताऱ्यांकडून आणि दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी यातून टिपतात.” मुलाने मान हलवली आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. त्याच्याबरोबर आलेल्या बाई मात्र मागे थांबल्या. म्हणाल्या, “सर, राग मानू नका. पण आमच्या शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं संपवून नवीन मागणारा हा एकच मुलगा आहे. तुम्ही त्याची गोष्टच संपवलीत.”

बाईंचे म्हणणे खरे होते. मी दिलेले उत्तर बरोबर होते, तरी ते देण्याची पद्धत चुकली होती. त्या मुलाने विचारलेला प्रश्न केंब्रिजमध्ये १९६७ साली प्रत्यक्ष शास्त्रज्ञांनाच पडला होता. जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने घड्याळासारखे नियमित ठोके मिळू लागले. इतके नियमित ठोके कोण पाठवीत असेल? अर्धे गमतीने, अर्धे धास्तीने त्या स्रोताला ‘लहान हिरवी माणसे’ असे नाव देण्यात आले. पुढे आकाशाच्या दुसऱ्या भागातही तसाच स्रोत सापडला. दोन वेगवेगळ्या ठिकाणची हिरवी माणसे एकाच पद्धतीने पृथ्वीला हाक मारतील, हे संभवत नव्हते. मग ते स्वतःभोवती वेगाने फिरणारे तारे असल्याचे कळले, आणि तेच पल्सार. मी त्या मुलाला ‘नाही’ म्हणण्याऐवजी ही हकिगत सांगितली असती, तर त्याला अचूक माहिती मिळालीच असती, शिवाय पुढचा प्रश्नही सुचला असता.

कथालेखनाचे पुढे काय होणार, मुले वाचत नाहीत, दिवाळी अंकांचे वाचक म्हातारे होत चालले आहेत, अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत नेहमी चालते. या लेखात मी फक्त विज्ञानकथेपुरते बोलणार आहे, कारण तिच्या बाबतीत आपण विज्ञान शिकवणारे आणि विज्ञान करणारे लोक थेट जबाबदार आहोत. माझे म्हणणे थोडक्यात असे: मराठी विज्ञानकथेला आपण फार दिवस साखरेत घोळलेली औषधाची गोळी समजत आलो. साखर चघळून झाली की गोळी पोटात जावी, एवढीच आपली अपेक्षा. अशा कथेला विद्यार्थी मिळतो, वाचक मिळत नाही. तिचा उद्याचा वाचक हवा असेल, तर कथेला अडवणारा, ‘असं कसं?’ म्हणून विचारणारा माणूस कथेतही हवा आणि वर्गातही हवा.

मंगळावरून खोडदला

प्रथम एक सत्यघटना पाहू. १८७७ साली मिलानच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी स्किआपारेल्ली यांना मंगळावर रेघा दिसल्या. त्यांनी त्यांना इटालियन भाषेत ‘कनाली’ म्हटले. या शब्दाचा अर्थ नैसर्गिक चर किंवा प्रवाहमार्ग असाही होतो, पण इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. आता कालवा म्हटला की खणणारा आला, पाटकरी आला आणि पाण्यावरून भांडणेही आली. कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको! अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेल यांनी मंगळ पाहण्यासाठी वेधशाळा उभारली आणि तिथे तहानलेली, प्रगत संस्कृती असल्याचे हिरिरीने मांडले. १८९८ साली एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीची कादंबरी पुस्तकरूपाने आली. १९६५ साली ‘मरीनर-४’ या यानाने मंगळाची जवळून चित्रे पाठवली, तेव्हा त्यांत विवरे दिसली, कालवे दिसले नाहीत. त्या रेघा हा बहुतांशी दृष्टिभ्रम होता.

पुढे १९ ऑक्टोबर २०१६ रोजी याच स्किआपारेल्लींचे नाव दिलेले युरोपीय अवकाश संस्थेचे यान मंगळावर उतरू लागले. त्याचा अतिशय क्षीण संदेश पृथ्वीवर थेट टिपत होती ती खोडदची दुर्बीण. मंगळावर जे घडत होते ते इथे नऊ-दहा मिनिटांनी कळत होते, कारण रेडिओलहरींना तेवढा वेळ लागतोच. यानाची हवाई छत्री उघडल्याचे संदेशातल्या बदलांवरून समजले. मात्र उतरण्याची वेळ जवळ आली आणि संदेश थांबला.

चौकशीत कारण कळले. यान फिरत असताना गती मोजणारे एक उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन अडकले. त्या मापावर विसंबून संगणकाने उंचीचे गणित केले आणि उत्तर ऋण आले. म्हणजे यान जमिनीच्या खाली आहे, असा संगणकाचा समज झाला. म्हणून त्याने छत्री लवकर सोडली, इंजिने काही सेकंदांतच बंद केली, आणि यान सुमारे पावणेचार किलोमीटर उंचीवरून कोसळले.

भाषांतराच्या चुकीतून मंगळाची गोष्ट सुरू झाली. तिच्याच नायकाचे नाव घेतलेले यान सव्वाशेहून अधिक वर्षांनी गणितातल्या चुकीने पडले, आणि ते पडताना ऐकणारे कान जुन्नर तालुक्यात होते. कथाकाराला याहून काय हवे? तरीही या प्रसंगावरची मराठी कथा मला अजून वाचायला मिळालेली नाही. मंगळावर जाणारे नायक पुष्कळ भेटतात, पण रात्री खोडदला आलेखाकडे पाहत बसलेला माणूस भेटत नाही.

वारसा आणि त्याचे ओझे

मराठीत विज्ञानकथा नवी नाही. ज्यूल व्हर्नची चांद्रप्रवासाची कादंबरी १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकीळ’ मासिकातून मराठी वाचकांसमोर येऊ लागली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणून बसवले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते, म्हणजे परीक्षकांनी नाव न पाहता कथा पाहावी.

असाच प्रकार बंगालमध्ये १८९६ साली घडला होता. एका केशतेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा जाहीर केली. जगदीशचंद्र बोस यांनी तीत स्वतःचे नाव न घालता कथा पाठवली आणि ती बक्षीसपात्र ठरली. समुद्रावरचे वादळ तेलाची बाटली ओतल्याने शांत होते, अशी ती कथा. पृष्ठताणाचे विज्ञान आणि जाहिरातीची थट्टा तिच्यात एकत्र होती. भारतीय भाषांतल्या विज्ञानकथेच्या आरंभी दोन मोठे शास्त्रज्ञ नाव लपवून उभे आहेत, हे मला फार बोलके वाटते. कथेने पदवीच्या बळावर नव्हे, तर स्वतःच्या बळावर उभे राहावे, असे दोघांनाही वाटत होते.

पुढे नारळीकरांच्या बरोबरीने लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण साधू अशा अनेकांनी हा प्रकार वाढवला. २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. एका विज्ञानकथाकाराला मिळालेला तो मान होता. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे या प्रकाराचे काय होणार, हा प्रश्न म्हणूनच आज सुचतो.

या वारशाबरोबर एक ओझेही आले. ‘विज्ञानकथा कशासाठी?’ असे विचारले की आपण पटकन म्हणतो, ‘विज्ञानप्रसारासाठी.’ हेतू उत्तमच आहे. पण त्यामुळे कथेची परीक्षा ‘यातून किती माहिती मिळाली?’ या एकाच फूटपट्टीने होऊ लागली. आज माहिती मोबाइलवर क्षणात मिळते. माहिती हेच जिचे भांडवल, ती कथा या स्पर्धेत टिकणार नाही आणि टिकायचे कारणही नाही. तेव्हा माहिती वजा केल्यावर कथेत काय उरते, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी नारळीकरांच्याच तीन कथा घेऊ. त्या बहुतेक शिक्षकांनी वाचलेल्या असतात.

तीन कथा

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत एक क्रिकेटपटू आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होतो. उजव्याचा डावा होतो. कल्पनेच्या मुळाशी मोबियसची पट्टी आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोके चिकटवली, की तिच्यावरून सरकवत नेलेली सपाट आकृती एक फेरी होताच उलटी होऊन येते. तसाच पीळ अवकाशाला असला तर? उलट्या होणाऱ्या माणसाची ही कल्पना नारळीकरांच्या आधीही वापरलेली आहे. वेल्सच्या १८९६ च्या कथेत ती एका शाळामास्तरावर ओढवते, तर आर्थर क्लार्कच्या कथेत एका अभियंत्यावर. मग नारळीकरांचे वेगळेपण कशात? ते गणपतीच्या सोंडेत आहे. मूर्तीची सोंड डावीकडची उजवीकडे गेली, की मराठी घरात खळबळ उडते. उजव्या सोंडेचा गणपती ‘कडक’, त्याचे सोवळे-ओवळे वेगळे! डावे-उजवे हा भूमितीतला भेद त्यांनी देवघरात आणून ठेवला. परकी कल्पना आपली करायची म्हणजे नुसती नावे बदलायची नव्हेत. तिला आपल्या घरातल्या एखाद्या खुंटीवर टांगावे लागते, आणि इथे ती खुंटी नेमकी सापडली आहे.

‘धूमकेतू’मध्ये एका हौशी निरीक्षकाला धूमकेतू सापडतो आणि तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते. शास्त्रज्ञ उपाय शोधतात, तर घरात शांतीसाठी यज्ञ होतो. धूमकेतूची माहिती आज जुनी झाली म्हणून कथा जुनी होत नाही, कारण तिच्यातला खरा ताण आकाशात नसून घरात आहे. संकट टळले याचे श्रेय कोणाला, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गावात आजही जिवंत आहे.

तिसरी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले, त्यामुळे देशभरच्या मुलांनी ती वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे जिंकले आहेत. तिथल्या मुंबईत ते आपल्या मुलाला शोधायला त्याच्या कचेरीत जातात, तर या नावाचे इथे कोणी नाही असे उत्तर मिळते. ही कथा वर्षानुवर्षे लक्षात राहते ती तिच्यातल्या पुंजसिद्धांतामुळे नव्हे. इतिहास बदलला की राज्ये बदलतात हे सगळ्यांना समजते. आपला मुलगाच नाहीसा होतो, हे मात्र त्या कचेरीच्या दारात उभे राहिल्यावर समजते. दुसरी मोठी जागा शेवटी आहे. परत आल्यावर गंगाधरपंतांचा वैज्ञानिक मित्र या सगळ्यावर शंका घेतो, तेव्हा ते खिशातून त्या जगातल्या पुस्तकाचे फाटलेले पान काढून दाखवतात. शंका आली, तिला पुरावा मिळाला. कथा इथे उंच उठते.

आणि इथेच माझी तक्रारही आहे. पुराव्यानंतर मित्राचे स्पष्टीकरण सुरू होते. विज्ञान म्हणून ते चोख आहे. पण आयुष्यभर कागदपत्रे तपासलेला एक पट्टीचा इतिहाससंशोधक या भागात जवळजवळ विद्यार्थी होऊन बसतो. तो भांडत नाही. ‘अहो, तुमचे हे गणित माझ्या मुलाबद्दल काय सांगते?’ असे विचारत नाही.

‘अस्सं!’ म्हणणारा श्रोता

नारळीकरांसारख्या समर्थ लेखकाकडे जी गोष्ट एका भागापुरती दिसते, ती पुढच्या पुष्कळ मराठी विज्ञानकथांत नियम होऊन बसली. एक शास्त्रज्ञ बोलतो. समोर मित्र, पत्रकार किंवा पुतण्या बसलेला असतो. त्याचे काम चहाचा घोट घेऊन ‘अस्सं!’ म्हणणे एवढेच. बोलणारा दोन पाने बोलतो, ऐकणारा थक्क होतो आणि कथा संपते. आपण वर्गात जे करतो, तेच कथेने केले. मुले ते लगेच ओळखतात.

याला उतारा शोधायला मला नारायणगावापर्यंतच यावे लागले. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. तमाशातला वग म्हणजे तरी काय? कल्पित कथाच. रात्र-रात्र बसून कथा ऐकणारा समाज या तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेव्हा इथल्या लोकांना कथेची गोडी नाही, असे म्हणता येत नाही.

वगात राजा, प्रधान, सावकार बोलत असतात, आणि त्यांच्यामध्ये सोंगाड्या असतो. राजाने मोठे फर्मान सोडले, की तो मध्येच अडवतो आणि नको तो प्रश्न विचारतो. लोक हसतात, कारण तो प्रश्न त्यांच्याच मनातला असतो. राजाला उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तरातून कथा पुढे सरकते. सोंगाड्या हा प्रेक्षकांचा रंगमंचावरचा प्रतिनिधी आहे. मराठी विज्ञानकथेने शास्त्रज्ञाला राजा केले, पण सोंगाड्याला घरी पाठवले, हे माझ्या मते तिचे मोठे नुकसान झाले. विज्ञानात तर अडवणाऱ्याला सर्वांत मोठा मान असायला हवा. संशोधनलेख छापण्यापूर्वी तो तपासणारे परीक्षक दुसरे काय करतात?

सोंगाड्याचा एक प्रश्न कथेला किती खोल नेऊ शकतो, ते पाहा. आरशातल्यासारख्या उलट्या झालेल्या त्या क्रिकेटपटूला विचारू या, “पाव्हणं, आता जेवणार काय?” हसण्यावारी नेण्यासारखा हा प्रश्न नाही. सजीवांच्या प्रथिनांतली अमिनो आम्ले ‘डावखुरी’ असतात आणि आपण पचवतो ती शर्करा ‘उजवी’ असते. रेणूंनाही असे डावे-उजवे रूप असते, याचा शोध लुई पाश्चर यांनी १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या लवणाचे स्फटिक वेगळे करून लावला. उलट्या माणसाची विकरे उलटी होतील, आणि आपले साधे जेवण त्याला नीट पचणार नाही. भरल्या ताटावर तो उपाशी राहील. क्लार्कने आपल्या कथेत हाच धागा पकडला होता. गोष्ट वाचल्यावर आठवीच्या वर्गात हा प्रश्न निघाला, तर भूमितीपासून सुरू झालेला तास रसायनशास्त्रावर येऊन थांबेल, आणि तोही मुलांच्या हट्टाने.

यंत्राने लिहिलेली गोष्ट

आता एक नवे आव्हान उभे आहे. संगणकाला ‘मंगळावर एक गोष्ट लिही’ असे सांगितले, की काही सेकंदांत तो गोष्ट लिहून देतो. मराठीतही देतो. मग कथाकार कशाला?

ही यंत्रे कशी चालतात हे मुलांना सोप्या शब्दांत सांगता येते. त्यांना प्रचंड मजकूर पुरवलेला असतो. कोणत्या शब्दांपाठोपाठ कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे त्या मजकुरावरून त्यांनी आत्मसात केलेले असते. त्या आधारे ती एकेक शब्द पुढे टाकत जातात. काम थक्क करणारे आहे, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण ज्या भाषेत आणि ज्या मुलखाबद्दल मजकूर थोडा, तिथली गोष्ट साहजिकच परक्या गोष्टींच्या वळणावर जाते. जुन्नरच्या मुलीची गोष्ट मागितली, तर नाव जुन्नरचे आणि स्वभाव भलतीकडचाच, असे होऊ शकते.

तेव्हा ‘अस्सं!’ छापाची कथा हे यंत्र आपल्याहून लवकर लिहील, आणि खुशाल लिहू दे. पण ज्या गोष्टी अजून कोणी कागदावर उतरवलेल्याच नाहीत, त्यांसाठी माणूस लागेल. त्या गोष्टी कुठे आहेत, ते पाहू.

आपल्या अंगणातल्या गोष्टी

जुन्नर-आंबेगावचे बिबटे घ्या. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि बिबट्याला उसात आडोसा मिळाला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले फार वाढले. पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे, हा त्या वेळचा सरळ उपाय. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की जिथे ते नेऊन सोडले, त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्याच्या भीतीने रात्रीचे पाणी कोणी द्यायचे यावरून घरात वाद आहे, आणि घरातलीच मुलगी वनखात्यात लागली आहे, अशी कल्पना करा. इथे विज्ञान वेगळे सांगावे लागत नाही, ते पात्रांच्या भांडणातच असते.

पुणे–नाशिक रेल्वेचे घ्या. खोडदची जागा निवडली गेली ती इथे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा म्हणून. नियोजित रेल्वेमार्गामुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल अशी हरकत निघाली, मार्ग दुसरीकडून नेण्याचा विचार पुढे आला, आणि या दोन तालुक्यांत नाराजी पसरली. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली क्षीण लहर ऐकायची, की कांदा-टोमॅटो वेळेत बाजारात पोचवायचा? यात एकही खलनायक नाही. दोन्ही बाजू न्याय्य असलेली कथा लिहिणे सर्वांत अवघड असते, आणि वाचायलाही तीच हवी असते.

कुकडीकाठच्या बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या सोबतीने अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आहेत. ही राख आपल्या काळ्या कातळाच्या ज्वालामुखीची नव्हे. तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. राख त्याहून फारच अलीकडची, आणि दूरवरून आलेली. ती सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याच्याही कितीतरी आधीची, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. राखेचा आणि विज्ञानकथेचा संबंध जुना आहे. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा फुटला, आणि पुढचे वर्ष युरोपात उन्हाळ्याशिवाय गेले. त्या कुंद, पावसाळी दिवसांत घरात अडकून पडलेल्या मेरी शेलीला एक कथा सुचली. तीच १८१८ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणून प्रसिद्ध झाली. बोरीच्या काठावर हत्यार घडवणाऱ्या माणसाच्या अंगावर आकाशातून राख पडू लागली, तेव्हा त्याला काय वाटले असेल? हे कोणत्याही उत्खननात सापडणार नाही. तिथे कथाच हवी.

वर्गात काय करता येईल

वाचक घडवायला मोठी योजना लागत नाही. गोष्ट वाचून झाली की ‘यातून तुम्हांला कोणती माहिती मिळाली?’ हा प्रश्न विचारणे एवढे एक बंद करून पाहा. त्याऐवजी पुढीलपैकी एखादी गोष्ट करता येईल.

एका मुलाला किंवा मुलीला त्या दिवसापुरते सोंगाड्या करा. गोष्ट मोठ्याने वाचली जात असताना त्याने केव्हाही हात वर करून ‘असं कसं?’ विचारायचे. उत्तर शिक्षकांनी नव्हे, वर्गाने द्यायचे. उत्तर सापडले नाही, तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू द्यायचा.

कथेतली एकच गोष्ट बदलायची आणि नियम मात्र सगळे पाळायचे. उद्या सकाळपासून डिंभे धरणातले पाणी गोठताना आकुंचन पावू लागले तर? घर्षण निम्मे झाले तर नाणेघाट कसा चढायचा? कल्पना कितीही अचाट असू दे, तिचे परिणाम काटेकोर हवेत. विज्ञानकथेची शिस्त ती हीच, आणि प्रयोगाची शिस्तही याहून वेगळी नाही.

मुलांना आजी-आजोबांकडून एक खरी घटना आणायला सांगायचे, जिच्यात यंत्र, धरण, रोग, बी-बियाणे किंवा प्राणी यांमुळे घरात मतभेद झाला. दोन्ही बाजूंनी ती लिहायची. धरणासाठी गाव सोडावे लागलेल्या घरांत अशा हकिगती अजून तोंडी आहेत. सांगणारे आहेत तोवर त्या उतरवून घेतल्या पाहिजेत.

यातून लगेच लेखक निर्माण होतील, असा माझा दावा नाही. पण कथेला प्रश्न विचारण्याची सवय लागलेला मुलगा दुसरी कथा मागतो, एवढे मी त्या बाईंच्या बोलण्यावरून शिकलो.

तो मुलगा आता कॉलेजात असेल. पुन्हा त्याची गाठ पडली तर मी त्याला सांगेन, “तू विचारलेला प्रश्न बरोबर होता. परग्रहावरच्या माणसांचं बोलणं अजून ऐकू आलेलं नाही. पण मंगळावर पडणाऱ्या एका यानाचा शेवटचा आवाज याच तबकड्यांनी ऐकला होता. तो ऐकणाऱ्या माणसाला त्या रात्री काय वाटलं असेल, ते तू लिहून दाखव.”